डावा खुबा, मसाज आणि सात महिने

हे लिहायला घेतलं कारण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला, खुबा आखडलाय, बाहेरच्या बाजूने दुखतोय, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, कुणाकडे तरी जाऊन चांगला रगडून घेऊ का? आणि मी जवळजवळ ओरडलेच की थांब, आधी माझं ऐक. कारण अगदी हेच, याच शब्दांत, मी सात महिन्यांपूर्वी बोलत होते आणि रगडून घेतलंही होतं. त्यानंतर काय काय झालं ते तिला तासभर सांगितलं, तेच आता इथे नीट लिहून ठेवते.

माझं वय ४६. काम बैठं, दिवसाचे आठ तास खुर्चीत. व्यायाम म्हणावा असा काहीच नव्हता आणि मग एकदम मनावर घेतलं आणि रोज चालायला सुरुवात केली, पहिल्याच दिवसापासून तासभर, तेही चढ असलेल्या रस्त्याने. तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूला दुखायला लागलं. पॅन्टचा खिसा जिथे संपतो साधारण तिथे बाहेरच्या बाजूला एक हाड हाताला लागतं बघा, टणक उंचवटा, बरोबर त्याच्यावर. सुरुवातीला फक्त जिना चढताना, मग खुर्चीतून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं लंगडत टाकायला लागायची आणि मग सुटायचं, मग एका पायावर उभं राहून पॅन्ट घालता येईना, भिंतीला हात टेकवायला लागायचा. आणि रात्र तर विचारूच नका. डाव्या कुशीवर झोपलं तर ठणका, म्हणून उजव्या कुशीवर वळायचं तर थोड्या वेळाने वरचा डावा खुबाच ओढल्यासारखा दुखायचा, म्हणजे ज्याच्यावर वजनच नाही तो कसा दुखतोय हेच कळायचं नाही. पाठीवर झोपायची सवय नाही. दोन-अडीच तासांनी जाग ठरलेली.

मला ते "आखडल्यासारखं" वाटायचं. हा शब्द महत्त्वाचा आहे कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळे झाला. आखडलंय म्हणजे ताणायला पाहिजे, सैल करायला पाहिजे, असंच कुणालाही वाटणार ना. मग मी दिसतील ते स्ट्रेच सुरू केले, झोपून एक पाय दुसऱ्यावर टाकून गुडघा छातीकडे ओढायचा, उभं राहून पाय आडवे टाकून बाजूला वाकायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूखाली तो फोमचा रोलर ठेवून अख्खं वजन टाकून मागेपुढे घासायचं, आणि टेनिसचा बॉल भिंत आणि खुब्याच्या मधे धरून त्या दुखऱ्या हाडावरच दाबायचं. करताना डोळ्यांत पाणी यायचं पण नंतर अर्धा तास बरं वाटायचं म्हणून वाटायचं बरोबर चाललंय. सकाळी परत तेच, किंबहुना जास्त. मला वाटायचं आपण कमी करतोय, अजून करायला पाहिजे.

दोन महिने असे गेल्यावर मसाजला गेले. कुठे गेले ते सांगत नाही, त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पण त्याने मला आत घेतलं, कुठे दुखतंय विचारलं, मी हाड दाखवलं आणि त्याने तिथेच कोपर ठेवलं. एवढीच चौकशी. कोपराने त्या हाडावर आडवं घासत होता आणि म्हणत होता की आत गाठी आहेत त्या फोडायला लागतील, दुखणारच, सहन करा. मी दात आवळून पडून होते, मुठी बंद, श्वास धरलेला, आणि मनात सारखं हेच की जेवढं दुखेल तेवढं आत पोचतंय. चाळीस मिनिटं. घरी आले तेव्हा हलकं वाटत होतं, पण संध्याकाळपर्यंत बाजू गरम झाली, दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा काळानिळा डाग आणि पुढचे चार दिवस मला त्या पायावर नीट वजन टाकता आलं नाही. मी फोन केला तर सांगितलं की शरीरातलं विष बाहेर पडतंय, भरपूर पाणी प्या. त्यावर मी विश्वास ठेवला, आज त्याचं वाईट वाटतं. मसाजने स्नायूंमधून कुठलंही विष निघत नाही. निळा डाग म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात, बाकी काही नाही, आणि ती चांगल्या मसाजची खूण तर अजिबात नाही.

मग डॉक्टरकडे गेले, जे खरं तर आधी करायला हवं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जांघेत दुखतं का बाहेर? मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की याने एवढा फरक पडतो. खुब्याचा खरा सांधा, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिथे ओटीपोटाच्या हाडाच्या वाटीत बसतो, तो आपल्याला वाटतो तिथे बाहेर नसतोच, तो आत जांघेच्या मागे असतो. सांध्याचं दुखणं म्हणजे झीज, वाटीच्या कडेची गादी फाटणं वगैरे, बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. मागे कुल्ल्यात दुखून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर कंबरेच्या मणक्याकडे बघायला लागतं. आणि बाहेरच्या हाडावर दुखत असेल तर बहुतेक वेळा त्या हाडाला चिकटलेले टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. त्यांनी पाय वाकवून, आत-बाहेर फिरवून बघितला, हालचाल पूर्ण होती, जांघेत दुखलं नाही. मग म्हणाले डाव्या पायावर उभ्या राहा, बोट फक्त भिंतीला टेकवा, अर्धा मिनिट. मोजून पंधराव्या सेकंदाला ते ओळखीचं दुखणं सुरू झालं. एक्सरे काढला, सांध्यातली जागा चांगली होती. आणि मला फिजिओकडे पाठवलं.

फिजिओ मॅडमनी जे समजावलं ते ऐकून मला त्या दोन महिन्यांचा सगळा हिशेब लागला. कुल्ल्याच्या बाजूला दोन स्नायू असतात, ग्लुटियस मीडियस आणि त्याच्या खाली मिनिमस. चालताना एक पाय उचलला की कंबर त्या बाजूला पडू नये म्हणून दुसऱ्या बाजूचे हे दोघं ती धरून ठेवतात, प्रत्येक पावलाला. त्यांचे टेंडन त्या बाहेरच्या उंचवट्यावर चिकटतात. त्यांच्या वरून आयटी बँड नावाचा जाड पट्टा गुडघ्यापर्यंत जातो. आता गुडघा शरीराच्या मधल्या रेषेच्या पलीकडे गेला, म्हणजे पायावर पाय टाकून बसलो, एका पायावर भार देऊन कंबर लटकवून उभं राहिलो, किंवा कुशीवर झोपून वरचा गुडघा पुढे गादीवर पडला, की तो पट्टा टेंडनला हाडावर दाबून धरतो. उजव्या कुशीवर झोपूनही डावा का दुखायचा त्याचं उत्तर हे. आणि माझे ते सगळे स्ट्रेच! सगळे नेमके पाय मधल्या रेषेपलीकडे ओढणारे. रोलर आणि बॉल तर थेट त्याच जागी चेंगरणारे. मी दोन महिने दुखऱ्या जागेवर रोज दाब देत होते आणि त्याला इलाज समजत होते. आधी यालाच सरसकट बर्सायटिस म्हणायचे, म्हणजे हाडावरच्या पिशवीची सूज, पण आता बहुतेकांच्यात मूळ दुखणं टेंडनचंच असतं असं मानतात, आणि चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं.

मी विचारलं, मग मसाज बंदच का? त्या म्हणाल्या बंद नाही, पण मसाज हा मुख्य इलाज नाही, मुख्य इलाज टेंडनवरचा दाब कमी करणं आणि स्नायू हळूहळू मजबूत करणं. त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, ऑस्ट्रेलियात २०४ लोकांवर केलेला. तीन गट, एकाला समजावून सांगणं आणि व्यायाम, एकाला स्टिरॉइडचं इंजेक्शन, एकाला फारसं काही नाही. आठ आठवड्यांनी आपण चांगलेच सुधारलो असं म्हणणारे व्यायामवाल्या गटात साधारण ७७ टक्के, इंजेक्शनवाल्यांत ५८ आणि तिसऱ्या गटात २९. वर्षभराने इंजेक्शनवाले आणि काहीच न केलेले यांच्यात फारसा फरक उरला नव्हता, व्यायामवाले पुढेच होते. त्यात मसाज नव्हताच. पण तुमचे आजूबाजूचे सगळे स्नायू इतके कडक झालेत की तुम्ही व्यायामच नीट करू शकत नाही, झोप नाही, त्यासाठी मसाजचा उपयोग होईल, असं म्हणून त्यांनी एका मसाज थेरपिस्टकडे पाठवलं. आणि एका कागदावर लिहून दिलं की त्या हाडावर दाब नको.

खरं सांगायचं तर मी घाबरतच गेले. त्या ताई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. पहिली वीस मिनिटं त्यांनी हात लावलाच नाही, फक्त विचारत होत्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पोटरीला एका बाजूला सूज किंवा लाली आहे का (पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर मसाज धोक्याचा), हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलंय का, मधे कुठे पडलात का, ताप येतो का, वजन आपोआप उतरलंय का, कॅन्सर झाला होता का, स्टिरॉइड बरेच दिवस घेतलेत का, लघवी-संडासवरचा ताबा सुटतो का किंवा बसायच्या जागेला बधिरपणा येतो का. शेवटच्या प्रश्नाला हो असेल तर मसाज नाही, ताबडतोब दवाखाना, असं म्हणाल्या. मग मी त्यांना तो पहिल्या वेळचा प्रकार सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत त्या माणसाबद्दल, फक्त म्हणाल्या, "ताई, शून्य ते दहात तुमचं दुखणं चार-पाचच्या वर गेलं की मला सांगायचं, सहन करायचं नाही. तुम्ही श्वास धरलात की मला हाताला कळतं, मी थांबणार."

कपडे किती काढायचे, कुठे हात लागणार, कुठे टॉवेल राहणार हे आधी सांगितलं, आणि मांडीच्या आतल्या बाजूला काम करायला लागेल पण तुम्हाला नको असेल तर नाही करणार, असंही. खुब्याचं दुखणं अशा जागेचं असतं की बायका सांगायलाच संकोचतात, त्यामुळे हे विचारणं मला फार मोलाचं वाटलं.

मला उजव्या कुशीवर झोपवलं आणि डाव्या गुडघ्याखाली एक नाही दोन उशा दिल्या, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, म्हणजे वरचा पाय खुब्याच्या सरळ रेषेत राहिला, खाली लोंबला नाही. एवढ्यानेच, अजून हात लागायच्या आधीच, ती ओढ निम्मी झाली. मी म्हटलं इथेच झोपू का. तर म्हणाल्या आज रात्री घरी असंच झोपायचं.

मग त्यांनी कुल्ल्याच्या मांसल भागावर पूर्ण तळवा ठेवला आणि तसाच ठेवून दिला. चोळणं नाही, दाबणं नाही. मी वाट बघतेय आता सुरू करतील आणि लक्षात आलं की माझा तो भाग दगडासारखा घट्ट आहे, मी झोपलेली असूनही तो कामावर आहे. त्या तशाच थांबल्या, पाच-सहा श्वास, आणि मग आपोआप काहीतरी सैल झालं, जसं आपण बराच वेळ खांदे वर करून बसलेले असतो आणि कळल्यावर खाली सोडतो तसं. मग तेल लावून हाताच्या पुढच्या भागाने, कोपर नाही, मनगट आणि कोपराच्या मधला सपाट भाग, माकडहाडापासून बाहेरच्या दिशेला एकदम सावकाश सरकवत आणायच्या आणि त्या उंचवट्याच्या दोन बोटं आधी थांबायच्या. प्रत्येक वेळी. मी नंतर नंतर मोजायला लागले होते, एकदाही त्या हाडावर गेल्या नाहीत.

दुसरी जागा मला अगदीच अनपेक्षित होती. कंबरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं ना, त्याच्या जरा खाली आणि बाहेर. म्हणाल्या पाऊल आत वळवा, आणि वळवल्यावर तिथे अंगठ्याएवढी एक गोष्ट टणकन वर आली. हाच तो स्नायू जो आयटी बँडला पुढून ओढतो. तुमचे ग्लुट्स, म्हणजे कुल्ल्याचे स्नायू, काम टाळतायत म्हणून हा जास्त राबतोय, असं त्यांचं म्हणणं. तिथे दोन बोटांनी दाबलं तर मांडीच्या बाहेरून खाली गुडघ्याच्या वरपर्यंत दुखणं गेलं, हुबेहूब माझं रोजचं. दीड-एक मिनिट तसंच धरून ठेवलं, दाब वाढवला नाही, आणि पाचवरून ते तीनवर आलं. मी विचारलं गाठ फुटली का? तर त्यांनी मला जे सांगितलं ते मी आता सगळ्यांना सांगते. गाठ अशी काही हाताने फोडायची वस्तू नसते. आणि तो मांडीचा पट्टा तर इतका चिवट असतो की हाताच्या दाबाने तो लांब होतच नाही, कितीही रगडा. बदलतं ते काय, तर मेंदू आणि नसा त्या भागाला किती आवळून धरतात आणि किती दुखणं कळवतात ते. म्हणून जोर लावून उपयोग नाही, जोराने शरीर उलट आणखी आवळतं.

मग पायरीफॉर्मिस नावाचा स्नायू, माकडहाड आणि तो उंचवटा यांच्या मधोमध खोल. याच्या खालून सायटिका नस जाते, काही लोकांच्यात तर स्नायूच्या मधूनच. तिथे दाबताना गुडघा वाकवून पाऊल हळूहळू आत-बाहेर फिरवत होत्या आणि सारखं विचारत होत्या, पायात मुंग्या आल्या का, करंट गेला का. एकदा मला पोटरीत झिणझिण झाली, लगेच बोट बाजूला. स्नायू दुखला तर चालतं, नस नाही. मग कंबरेच्या बाजूला शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधे, हात डोक्यावर घेऊन ताणलेल्या अवस्थेत, आणि शेवटी मांडीची आतली बाजू जी मला वाटलं होतं काही दुखणार नाही पण ती डाव्या बाजूला चांगलीच तट्ट होती.

पोटातून सोआस नावाचा स्नायू सोडवायचा असतो असं मी कुठेतरी ऐकलं होतं, तो कंबरेच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडाला आतून चिकटतो आणि पाय वर उचलतो. मी विचारलं. त्या म्हणाल्या पहिल्या दिवशी नाही. तिसऱ्या वेळी केलं, गुडघे वाकवून पाठीवर, बेंबी आणि कंबरेच्या हाडाच्या मधे, मी श्वास सोडेन तेव्हा बोटं थोडीशी आत, श्वास घेताना थांबायचं. मधेच म्हणाल्या बोटाखाली नाडी लागतेय आणि लगेच जागा सोडली. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि आतडी जातात, म्हणून मला अगदी मनापासून वाटतं की हे कुणी घरी व्हिडिओ बघून, विशेषतः ते टोकदार अवजार घेऊन, करू नये. मला त्याचा फायदा किती झाला सांगता येणार नाही. बसून उठताना पुढची ओढ कमी झाली, पण त्याच आठवड्यात मी खुर्चीतून दर अर्ध्या तासाने उठायलाही लागले होते.

पहिल्या सेशननंतर दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखलं, व्यायाम केल्यावर दुखतं तसं, तिसऱ्या दिवशी नाही. डाग एकही नाही. आणि त्या रात्री पाच तास सलग झोप, उशा गुडघ्यांत घेऊन. मी सकाळी उठून नवऱ्याला सांगताना रडले, खरंच, कारण अडीच महिने अशी झोप नव्हती.

पण चौथ्या दिवशी सगळं परत आलं. जसंच्या तसं. मला वाटलं संपलं, हेही गेलं. फिजिओ मॅडमना सांगितलं तर त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही, म्हणाल्या मसाजचा आराम तेवढाच टिकतो, काही तास ते काही दिवस, त्या दिवसांत तुम्ही व्यायाम केलात का? मी केला नव्हता. बरं वाटतंय म्हणून आराम केला होता, आणि एक दिवस तर खूश होऊन पुन्हा चढावर चालून आले होते.

मग वेळापत्रक ठरलं. आठवड्यातून एकदा मसाज आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज व्यायाम. सुरुवातीचा तर इतका साधा की मला त्यात काही दम वाटेना, पाठीवर झोपून गुडघ्यांभोवती पट्टा बांधायचा आणि गुडघे बाहेर ढकलायचे, न हलता, थोड्या जोराने, ३० सेकंद धरायचं, पाच वेळा. मग ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलायची, आधी दोन्ही पायांवर, दीड महिन्यानंतर भार डाव्यावर जास्त. मग पायरी चढणं, आरशासमोर, कंबर एका बाजूला पडत नाही ना बघत. मग पट्टा बांधून आडवं चालणं. नियम एकच दिलेला, करताना थोडं दुखलं तर हरकत नाही पण रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, कमी करा. आणि स्ट्रेच बंद. हे सगळ्यात अवघड गेलं. आखडल्यासारखं वाटत असताना न ताणणं म्हणजे खाज सुटलेली असताना न खाजवणं, पण त्यांनी मोजून दाखवलं होतं की माझा पाय दोन्ही बाजूंना सारखाच फिरतोय, म्हणजे स्नायू आखूड झालेलाच नव्हता, दमलेला आणि घाबरलेला होता म्हणून तो घट्ट वाटत होता.

सवयी बदलायलाही वेळ लागला. पायावर पाय टाकणं इतकं अंगात मुरलेलं की बसल्यावर पाच मिनिटांत पाय आपोआप वर. रांगेत उभी राहिले की डावी कंबर बाहेर. ऑफिसमध्ये शेजारी बसणारीला सांगून ठेवलं होतं की दिसलं की टोक. खुर्ची थोडी उंच केली, गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील इतकी. चालणं बंद नाही केलं, सपाट रस्ता आणि २० मिनिटं, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं.

सहा आठवडे दर आठवड्याला मसाज, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. तिसऱ्या महिन्यात एका घरगुती कार्यात दिवसभर उभं राहिल्यावर आठवडाभर पुन्हा रात्री जाग यायची. तेव्हा ताईंनी तो सगळा सेशन फक्त कंबर आणि उजव्या बाजूवर केला, डावीकडे फक्त हलके हात. म्हणाल्या डावी चिडलेली आहे, तिला आज एकटं सोडू या, आणि उजवीने इतके महिने दुप्पट काम केलंय तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. आणि खरंच, उजव्या बाजूला हात लागल्यावर मला कळलं की ती किती दमली होती.

पाचव्या महिन्यात मला जाणवलं की मसाजला जाताना मी आता दुखणं घेऊन जात नाहीये. तरी मी अजून जाते, महिन्यातून एकदा, कारण त्या एका तासात माझ्या लक्षात येतं की मी कुठे आवळून बसलेय. परवा तिथे आडवी झाले आणि ताईंनी तळवा ठेवला तर म्हणाल्या आज थांबायलाच लागलं नाही, आधीच सैल आहे.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितल्यावर तिने विचारलं मग मी आज काय करू. मी म्हटलं आज रात्री दोन उशा गुडघ्यांत घे, ते स्ट्रेच थांबव, त्या हाडावर कुणालाही कोपर ठेवू देऊ नकोस, आणि डॉक्टरांना दाखवून घे, जांघेत दुखतंय का बाहेर ते नीट बघून जा. मसाज त्यानंतर, आणि ज्या माणसाने आधी प्रश्न विचारले त्याच्याकडेच. तिने काल मेसेज केला, उशांनी फरक पडला, साडेचार तास झोपले, उद्याची अपॉइंटमेंट घेतलीय.

माझं म्हणाल तर एका पायावर उभं राहून पॅन्ट घालता येते. जिना येतो. चढाचा रस्ता गेल्या रविवारी पहिल्यांदा पूर्ण केला, ३५ मिनिटं, सोमवारी सकाळी उठल्यावर आधी तिथेच हात गेला आणि दुखणं कालच्यापेक्षा जास्त नव्हतं. डाव्या कुशीवर मात्र अजून तासाभरापेक्षा जास्त नाही झोपता येत, तिथे ती जागा अजून सांगते की बस्स आता, आणि मग मी वळते, उशा घेऊन.